युद्धवार्तेतील संख्या : शत्रुहानीच्या दाव्यांचे वाचन

वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला. त्याच्या विस्तृत प्रस्तावनेत पानिपतच्या मोहिमेसंबंधीच्या बखरींची आणि ग्रँट डफच्या इतिहासाची त्यांनी कठोर झडती घेतली. बखरकाराने लिहिले म्हणून ते घडले असे होत नाही. प्रसंगाच्या काळी, प्रसंगाशी संबंध असलेल्या माणसाने लिहिलेला अस्सल कागद हाच पुरावा, ही भूमिका मराठी इतिहासलेखनात तेव्हापासून रुजली. बखरीतले लाखांचे आकडे आज कोणी जसेच्या तसे स्वीकारीत नाही. त्यांकडे आपण त्या वाङ्मयप्रकाराचा एक संकेत म्हणून पाहतो.

बखरीविषयी आपण दाखवतो ती सावधगिरी आधुनिक युद्धवार्तेविषयी मात्र दाखवीत नाही. शत्रूची इतकी विमाने पाडली, इतके रणगाडे उद्ध्वस्त केले, इतकी जहाजे बुडवली असे वाक्य छापून आले की बखरीतल्या 'दोन लाख फौजे'कडे संशयाने पाहणारा विद्वान वाचकही ते आकडे मनोमन स्वीकारतो. याचे एक कारण असे की, राजवाड्यांनी लावलेली कसोटी, म्हणजे समकालीनत्व, युद्धवार्ता वरकरणी उत्तम रीतीने पार पाडते. बखर घटनेनंतर अनेक वर्षांनी लिहिली जाते, तर युद्धवार्ता त्याच संध्याकाळी प्रसृत होते. तिच्याहून अधिक समकालीन कागद कोणता असणार? तरीही शत्रूच्या साधनसामग्रीच्या हानीविषयी ती पुनःपुन्हा चुकते आणि ही चूक प्रायः एकाच दिशेची असते. तेव्हा समकालीनत्वाला आणखी एका कसोटीची जोड द्यावी लागते: हानी कोणाची आणि ती मोजतो कोण? ज्याचे गेले त्याचा कागद आणि ज्याने घालवले त्याचा कागद, हे दोन भिन्न जातींचे लेख आहेत. प्रस्तुत निबंधाचा विषय हा भेद आहे, आणि तो केवळ इतिहासकारांवर सोपवून चालण्याजोगा नाही. कारण दाव्याची घडण मुळात कथनाची घडण आहे.

ती घडण पाहण्यासाठी प्रथम एका कादंबरीकडे वळावे. तोलस्तोयच्या 'युद्ध आणि शांती'मध्ये तरुण निकोलाय रोस्तोव शेनग्राबेनच्या चकमकीची हकिकत आपल्या मित्रांना सांगतो. तो सत्यप्रिय आहे, घडले तसेच सांगावे असे त्याच्या मनात आहे. वस्तुस्थिती अशी की तो घोड्यावरून पडला, हात दुखावला आणि फ्रेंच सैनिकापासून जीव घेऊन पळाला. परंतु ऐकणाऱ्यांनी घोडदळाच्या हल्ल्यांची वर्णने पूर्वी अनेकदा ऐकलेली आहेत आणि तसेच काही ऐकायला मिळेल या अपेक्षेने ते बसले आहेत. बोलता बोलता, स्वतःला न कळत, रोस्तोव त्या अपेक्षित वर्णनात उतरतो. तोलस्तोय त्याला लबाड ठरवीत नाही. श्रोत्यांच्या मनातला साचा वक्त्याच्या तोंडून स्वतःला कसा वदवून घेतो, एवढेच तो दाखवतो.

आता रोस्तोवच्या जागी एक वैमानिक कल्पावा. १५ सप्टेंबर १९४० रोजी इंग्लंडच्या दक्षिणेकडील आकाशात दिवसभर लढाई झाली आणि त्या दिवशी १८५ जर्मन विमाने पाडल्याचे ब्रिटिश हवाई मंत्रालयाने जाहीर केले. प्रत्यक्ष जर्मन हानी सुमारे ६० विमानांची होती. वृत्तपत्रविक्रेते त्या काळी असे आकडे क्रिकेटच्या धावफलकासारखे फळ्यांवर खडूने लिहीत. संपूर्ण 'ब्रिटनच्या लढाई'त ब्रिटिशांचा दावा सुमारे २,७०० विमानांचा होता. युद्ध संपून जर्मन दप्तरे हाती आल्यावर तो आकडा १,७३३ वर आला. जर्मनांचा दावा तीन हजारांवर गेला होता आणि ब्रिटिशांची प्रत्यक्ष हानी ९१५ विमानांची भरली. दोन्ही बाजू अतिशयोक्ती करीत होत्या हे एक. पण त्या अतिशयोक्तीत खोटेपणाचा वाटा बेताचाच होता, हे अधिक महत्त्वाचे.

ही चूक कशी होते ते समजून घेण्यासारखे आहे. ताशी पाचशे किलोमीटरहून अधिक वेगाने जाणाऱ्या विमानातून वैमानिक दोन-तीन सेकंद गोळीबार करतो. समोरचे विमान धूर सोडत ढगात शिरते आणि त्याच क्षणी त्याला स्वतःच्या पाठीमागे पाहावे लागते. धूर दिसला, विमान खाली गेले, एवढे त्याने खरोखर पाहिलेले असते. 'पडले' हे त्याचे अनुमान असते. त्याच विमानावर आणखी दोघांनी गोळ्या झाडलेल्या असतात आणि त्या दोघांनीही धूर पाहिलेला असतो. तिन्ही अहवाल प्रामाणिक असतात. कार्यालयात त्यांची छाननी व्हावी, पण लढाईच्या धांदलीत बव्हंशी बेरीज होते. एका विमानाची तीन विमाने होतात ती अशी, आणि या साखळीत कोणीही खोटे बोललेले नसते. इंग्लंडच्या भूमीवर पडलेले सांगाडे मोजता येत होते. उरलेली विमाने खाडीत पडली असे मानण्याची सोयही होती. समुद्राने युद्धवार्तेवर असे फार उपकार केले आहेत.

अमेरिकी बातमीदारांनी त्या आकड्यांविषयी शंका घेतल्या, तेव्हा लढाऊ विमानदळाचे प्रमुख डाउडिंग यांनी दिलेले उत्तर मार्मिक होते असे सांगतात. जर्मनांचे आकडे खरे असतील तर आठवड्याभरात ते लंडनमध्ये येतील, नाही तर येणार नाहीत, असा त्याचा आशय होता. वादातून सुटण्यासाठी दिलेले हे उत्तर असले तरी त्यात एक पद्धती आहे. दावा खरा असेल तर त्यापुढे काय घडले पाहिजे? शत्रूचे अर्धे विमानदळ नष्ट झाले असेल तर दुसऱ्या दिवशी येते आहे ते कोणाचे? जर्मन हेरखात्याने स्वतःच्या वैमानिकांच्या आकड्यांवर भिस्त ठेवून ब्रिटिशांकडे मोजकीच लढाऊ विमाने उरली आहेत असा हिशेब मांडला होता. १५ सप्टेंबरला लंडनवर आलेल्या जर्मन वैमानिकांना तो हिशेब चुकल्याचे आकाशातच कळले.

रणगाड्यांच्या बाबतीत आणखी एक गुंतागुंत आहे. विमान पडले की पडले. रणगाडा मात्र 'निकामी' होऊनही पुन्हा कामी येतो. पट्टा तुटलेला रणगाडा समोरच्या तोफखान्याच्या दृष्टीने मेलेला असतो, पण रात्री तो ओढून नेला जातो आणि काही दिवसांत दुरुस्त होऊन परततो. म्हणून संध्याकाळी रणभूमी कोणाच्या ताब्यात राहिली यावर हानीची संख्या अवलंबून असते. १२ जुलै १९४३ च्या प्रोखोरोव्हकाच्या लढाईविषयी सोव्हिएत सेनानी रोत्मिस्त्रोव यांनी शेकडो जर्मन रणगाडे नष्ट केल्याचे लिहिले आणि ते चित्र पाठ्यपुस्तकांपर्यंत पोहोचले. जर्मन दप्तरे तपासल्यावर त्या दिवशी कायमचे निकामी झालेले जर्मन रणगाडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले. शिवाय जातही बदलते. नॉर्मंडीत ब्रिटिश सैनिकाला समोरचा प्रत्येक जर्मन रणगाडा 'टायगर'च दिसे. शत्रू मोठा दिसल्याखेरीज पराक्रम मोठा होत नाही, हे आमच्या बखरकारांनाही ठाऊक होते.

संख्येइतकेच क्रियापदाकडे लक्ष द्यावे लागते. जगातील बहुतेक भाषांच्या युद्धवार्तांत शत्रूच्या हानीसाठी सकर्मक, कर्तृवाचक क्रियापदे येतात आणि स्वतःच्या हानीसाठी अकर्मक. मराठी वृत्तपत्रे शत्रूची विमाने 'पाडतात', 'टिपतात', 'लोळवतात'. त्याच्या रणगाड्यांचा 'धुव्वा उडवतात'. आणि कुस्तीच्या आखाड्यातून आणलेला 'चारी मुंड्या चीत' हा वाक्प्रचारही रणभूमीवर वापरतात. आपली विमाने मात्र 'परतली नाहीत'. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नभोवाणी आपली अमुक विमाने बेपत्ता आहेत अशा ठरावीक वाक्याने हानी सांगे, आणि ते वाक्य लोकांच्या कानांत इतके बसले होते की १९४२ साली एका चित्रपटाचे नावच त्यावरून पडले. जपानी सैन्याने १९४३ च्या फेब्रुवारीत ग्वाडालकनालमधून घेतलेल्या माघारीला 'तेन्शिन', म्हणजे दिशा बदलून पुढे जाणे, असे म्हटले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात अट्टू बेटावरील तुकडीचा जवळजवळ निःपात झाला, तेव्हा 'ग्योकुसाइ', म्हणजे रत्नाचा भंग, हा अभिजात चिनी ग्रंथांतून आलेला शब्द योजण्यात आला.

रत्नभंगाची ही प्रतिमा वाचताना मराठी वाचकाला पानिपतची वार्ता आठवल्यावाचून राहणार नाही. सावकारी पत्रातून आलेला तो सांकेतिक मजकूर परंपरेने प्रसिद्ध आहे: दोन मोती, सत्तावीस मोहरा आणि अगणित रुपये व खुर्दा. तेथेही मृत्यूला रत्नांचे नाव आहे. फरक असा की, ग्योकुसाइचा हेतू पराभवाला शोभा देण्याचा होता, तर सावकाराच्या सांकेतिकतेने हानी लपवली नाही. मोठी माणसे मोजून सांगितली आणि जेथे मोजणे शक्य नव्हते तेथे शक्य नाही असे सांगितले. ज्याचे गेले त्याचा कागद म्हणतात तो हा. पेशवे दप्तरातील पत्रांत 'कामास आले', 'जखमी जाहले', 'पाडाव जाहले' हे भेदही सहसा काटेकोरपणे राखलेले दिसतात, आणि ऐकीव वार्तेला 'आवई' हा स्वतंत्र शब्द होता. आजच्या युद्धवार्तेत 'आवई'ला समानार्थी शब्द नाही, ही त्या भाषेची एक उणीवच म्हणायची.

क्रियापदाचा अर्थ मागाहून कसा पातळ करता येतो याचे ठळक उदाहरण १९९१ च्या आखाती युद्धातले आहे. इराकच्या 'स्कड' क्षेपणास्त्रांविरुद्ध अमेरिकेने 'पेट्रियट' क्षेपणास्त्रे वापरली. १५ फेब्रुवारी १९९१ रोजी राष्ट्राध्यक्ष बुश यांनी ती तयार करणाऱ्या कारखान्यातील कामगारांसमोर ४२ पैकी ४१ स्कड अडवल्याचे सांगितले. पुढे शास्त्रज्ञांनी चित्रफिती तपासून त्यावर गंभीर आक्षेप घेतले. १९९२ साली संसदीय समितीपुढे सैन्याच्या वतीने खुलासा झाला तो असा की, 'अडवले' याचा अर्थ पाडले असा नव्हे. दोन क्षेपणास्त्रांचे मार्ग आकाशात एकमेकांना छेदून गेले एवढाच! अभिधा सोडून लक्षणेचा असा आश्रय आमच्या मीमांसकांनीही क्वचितच घेतला असेल. त्याच युद्धात वैमानिकांनी सुमारे ऐंशी फिरत्या स्कड-प्रक्षेपकांचा नाश केल्याचे अहवाल दिले होते; अमेरिकी हवाई दलाने करविलेल्या युद्धोत्तर सर्वेक्षणाला विमानांनी नष्ट केलेल्या एकाही फिरत्या प्रक्षेपकाचा निर्विवाद पुरावा सापडला नाही.

येथवर पाहिलेल्या उदाहरणांत दाव्याने फार तर वाचक फसला. १९४४ च्या ऑक्टोबरमध्ये तैवानजवळ झालेल्या हवाई-नौदल युद्धाची गोष्ट वेगळी आहे. तेथे दावा करणाराच दाव्याला बळी पडला, आणि त्याची किंमत सैनिकांनी मोजली.

१२ ऑक्टोबरपासून अमेरिकेच्या तिसऱ्या आरमाराच्या विमानांनी तैवानवर हल्ले सुरू केले. जपानी नौदलाने खास तयार केलेले हवाई दल या आरमारावर सोडले. यातले कित्येक वैमानिक नवशिके होते, आणि हल्ले संधिप्रकाशात व रात्री, तेही खराब हवेत झाले. पाणतीर सोडून परतताना अंधारात मागे ज्वाळा दिसत. त्यांतल्या पुष्कळशा समुद्रात कोसळलेल्या जपानी विमानांच्याच होत्या. पाहणाऱ्याच्या मनात मात्र जळणारे जहाज होते, आणि जहाज म्हणजे विमानवाहू जहाज. तळावर अहवालांची बेरीज झाली. १९ ऑक्टोबरला टोकियोच्या सर्वोच्च सेनाकार्यालयाने निवेदन काढले: ११ विमानवाहू जहाजे व २ युद्धनौका बुडवल्या, आणखी ८ विमानवाहू जहाजे व २ युद्धनौका जायबंदी केल्या, याशिवाय क्रूझर आणि विनाशिका वेगळ्या. विमानवाहू जहाजांची बेरीज १९ होते. समोरच्या आरमारात अशी जहाजे होती १७.

प्रत्यक्षात एकही जहाज बुडाले नव्हते. 'कॅनबेरा' आणि 'ह्यूस्टन' या दोन क्रूझरना पाणतीर लागून जबर इजा झाली आणि त्यांना ओढून न्यावे लागले. आणखी काही जहाजांना किरकोळ दुखापत झाली. बुडालेली आणि जायबंदी झालेली आपली जहाजे वर काढण्यात आली असून ती शत्रूच्या दिशेने पूर्ण वेगाने 'माघार' घेत आहेत, अशा आशयाचा हॉल्सींचा उपरोधिक संदेश निमिट्झ यांनी प्रसिद्ध केला. इकडे जपानमध्ये विजयोत्सव झाले आणि सम्राटाकडून गौरवपत्र निघाले.

त्या जपानी निवेदनात एक संख्या मात्र वास्तवाला धरून होती आणि अभ्यासकाने तिच्याजवळ थांबावे असे मला वाटते. ती होती स्वतःच्या हानीची: ३१२ विमाने 'अद्याप परतलेली नाहीत'. क्रियापद मवाळ होते, पण आकडा खरा होता, कारण तो स्वतःच्या तळावर उभे राहून, रिकाम्या राहिलेल्या जागा मोजून आलेला होता. एकाच पत्रकात, एकाच लेखणीने, दोन जातींचे दोन आकडे लिहिले गेले. आपली तीनशेहून अधिक विमाने परतली नाहीत आणि शत्रूचे आरमार बुडाले, ही दोन विधाने शेजारी शेजारी होती. पहिल्याने दुसऱ्याविषयी शंका उत्पन्न करायला हवी होती. वाचणाऱ्यांनी पहिल्याकडे दुसऱ्याची किंमत म्हणून पाहिले.

शंका घेणारे नव्हते असे नाही. भूदलाच्या हेरखात्यातील होरी एइझो हे मेजर त्या दिवसांत क्यूशूमधील कानोयाच्या विमानतळावर होते. परतलेल्या वैमानिकांना त्यांनी साधे प्रश्न विचारले: कोणते जहाज? ते बुडताना पाहिले काय? कोणी पाहिले? उत्तरे डळमळीत येऊ लागली, तेव्हा या यशावर विश्वास ठेवू नये असा संदेश त्यांनी टोकियोला धाडला. त्याचा परिणाम झाला नाही. नौदलालाही दोन-चार दिवसांतच संशय आला, कारण टेहळणी विमानांना शाबूत विमानवाहू जहाजे दिसत होती. फेरतपासणीही झाली, परंतु तिचा निष्कर्ष भूदलापर्यंत स्पष्टपणे पोहोचला नाही. जाहीर झालेला विजय मागे घेणे कोणाच्याच हाती उरले नव्हते.

२० ऑक्टोबरला अमेरिकी सैन्य फिलिपाइन्समधील लेयटे बेटावर उतरले. मुख्य लढाई लुझॉन बेटावर द्यायची अशी जपानी भूदलाची मूळ योजना होती. अमेरिकी विमानवाहू जहाजे बुडाली आहेत, म्हणजे उतरलेले सैन्य आकाशातील छत्राविना आहे, या समजुतीने ती बदलण्यात आली आणि निर्णायक लढाई लेयटेवर द्यावी असे ठरले. सेनापती यामाशितांनी विरोध केला, पण आज्ञा कायम राहिली. न बुडालेल्या जहाजांवरून उडालेल्या विमानांनी सैन्य वाहून नेणारी गलबते वाटेत गाठली. लेयटेवर सुमारे ८० हजार जपानी सैनिक गेले आणि त्यांतले फारच थोडे परतले. कित्येक उपासमारीने मेले.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला ही कथा ज्या ग्रंथाकडे नेते तो म्हणजे ओओका शोहेइ यांचा 'रेइते सेन्की', लेयटेचा युद्धवृत्तान्त. ओओका युद्धापूर्वी स्टेंढालचे अभ्यासक व अनुवादक होते. स्टेंढालच्या 'पार्माचा मठ' या कादंबरीत फाब्रिस वॉटर्लूच्या रणांगणावर दिवसभर भटकतो, धूर पाहतो, तोफा ऐकतो, आणि आपण लढाईत होतो की नव्हतो हाच प्रश्न पुढे त्याच्या मनाला लागून राहतो. ज्याने हे वाचून मराठीत किंवा जपानीत आणण्यासाठी शब्दाशब्दावर विचार केला असेल, त्याला प्रत्यक्षदर्शी या संज्ञेची मर्यादा वेगळी शिकवावी लागत नाही. १९४४ साली ओओकांना सैन्यात भरती करून फिलिपाइन्सला पाठविण्यात आले. १९४५ च्या जानेवारीत मिंडोरो बेटावर ते अमेरिकनांच्या हाती सापडले आणि लेयटेवरच्याच छावणीत कैदी म्हणून राहिले. त्या अनुभवातून आधी 'नोबी' ही त्यांची विख्यात कादंबरी आली. पुढे, १९७१ साली, 'रेइते सेन्की' ग्रंथरूपाने आला.

स्वतः सैनिक असलेल्या कादंबरीकाराकडून आपण आठवणींची अपेक्षा करू. ओओकांनी केले ते निराळेच. जपानी दप्तरे, अमेरिकी दप्तरे, वाचलेल्यांच्या हकिकती असे सारे एकत्र मांडून, कोणती तुकडी कोणत्या दिवशी कोठे होती, तिच्यापाशी किती तोफा होत्या आणि किती उरल्या, हे ते पानोपानी तपासत जातात. या ग्रंथाचे वाचन कष्टाचे आहे हे मान्य करतो. कथेच्या ओढीने आलेला वाचक शंभर पानांत थकतो. पण दाव्याने झालेल्या वधाचे उत्तर दुसऱ्या एका भावपूर्ण कथनाने देता येणार नाही, दोन्हीकडची बाडे शेजारी ठेवूनच देता येईल, असा जणू लेखकाचा निश्चय आहे. राजवाड्यांना हा ग्रंथ आवडला असता. जपानीत आजही न पटणाऱ्या सरकारी निवेदनाला 'दाइहोन्एइ हाप्प्यो', म्हणजे सर्वोच्च सेनाकार्यालयाचे निवेदन, असे कुत्सितपणे म्हणतात.

असे दोष जपान्यांचेच होते असा ग्रह होऊ नये. १९४१ च्या डिसेंबरात 'हारुना' ही जपानी युद्धनौका एका अमेरिकी वैमानिकाने बुडवल्याची बातमी अमेरिकेत घरोघर पोहोचली. 'हारुना' त्या ठिकाणी नव्हतीच; ती बुडाली १९४५ च्या जुलैत, कुरे बंदरात. कोसोव्होच्या १९९९ मधील युद्धात नाटोने सर्बियाचे सुमारे १२० रणगाडे नष्ट केल्याचे प्रथम सांगितले, त्याच वर्षीच्या सप्टेंबरात तो आकडा ९३ केला, आणि जमिनीवर जाऊन शोध घेणाऱ्या पथकाला ध्वस्त रणगाड्यांचे सांगाडे मिळाले १४. सर्बांनी लाकडाचे खोटे रणगाडे उभे केले होते, त्यांवरही बाँब पडले. अर्थात खरे सांगाडे रातोरात हलवले गेले असतील असाही युक्तिवाद झाला, आणि तो सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही.

यावरून सर्वच दावे खोटे असा निष्कर्ष काढणे हा आळस होईल, संशय नव्हे. १९६५ च्या सप्टेंबरात पंजाबातील असल उत्तरच्या लढाईत पाकिस्तानचे सुमारे शंभर रणगाडे निकामी झाले वा हाती लागले हा भारतीय दावा अशा दाव्यांत अपवादात्मक बळकट आहे, कारण रणभूमी भारताकडे राहिली आणि सांगाडे मोजता आले. ते भिखीविंड येथे ओळीने मांडण्यात आले, त्या जागेला लोकांनी 'पॅटन नगर' म्हटले. अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, रणगाडा संग्रहालयात 'पॅटन' आजही हात लावून पाहता येतो. असा पुरावा आकाशातल्या आणि समुद्रावरच्या लढाईत क्वचितच मिळतो.

२०२२ साली रशियाने युक्रेनवर आक्रमण केले तेव्हा सांगाडा मोजण्याचीच ही रीत छायाचित्रांच्या आधारे चालवण्याचा एक उपक्रम पुढे आला. 'ओरिक्स' या नावाने काम करणारे अभ्यासक ज्या रणगाड्याचे वा तोफेचे छायाचित्र वा चित्रफीत उपलब्ध आहे तेवढाच मोजतात आणि नष्ट, जायबंदी, सोडून दिलेला, हस्तगत असे भेद करतात. 'कामास आले', 'जखमी', 'पाडाव' या भेदांशी याचे साम्य पाहून मला गंमत वाटली. त्यांची संख्या किमान असते, कारण छायाचित्र न निघालेली हानी तीत येत नाही. म्हणून ती सैन्याच्या दैनिक आकड्यांपेक्षा नेहमी कमी भरते, आणि तिची उपयुक्तताही त्यातच आहे. त्याच युद्धाच्या पहिल्या दिवसांत 'कीव्हचे भूत' या नावाच्या एका अज्ञात वैमानिकाने कितीतरी रशियन विमाने पाडल्याची कथा जगभर पसरली. एप्रिल २०२२ च्या अखेरीस युक्रेनच्या हवाई दलानेच ती लोककथा असल्याचे सांगितले. चित्राचाही भरवसा मर्यादितच: संगणकीय खेळातील दृश्ये खऱ्या लढाईची म्हणून फिरू लागली, तेव्हा 'आर्मा ३' या खेळाच्या निर्मात्यांना ती ओळखावी कशी हे नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीरपणे समजावून सांगावे लागले.

भारतातील वाचकाला मे २०२५ च्या रात्री ताज्या असतील. भारत आणि पाकिस्तान यांच्यातील त्या चार दिवसांच्या संघर्षात काही भारतीय वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचे रात्रभर सांगितले. तसे काही घडलेले नव्हते. पाकिस्तानने भारताची प्रथम पाच व नंतर सहा विमाने पाडल्याचा दावा केला. ३१ मे रोजी सिंगापूर येथे भारताच्या संरक्षण दलांच्या प्रमुखांनी काही विमाने गमावल्याचे मान्य केले, संख्या सांगितली नाही, आणि सहाचा आकडा मात्र साफ नाकारला. ९ ऑगस्टला भारतीय हवाई दलाच्या प्रमुखांनी पाकिस्तानची पाच लढाऊ विमाने व एक मोठे विमान पाडल्याचे सांगितले. पाकिस्तानने ते नाकारले.

या मालिकेत निबंधातील भेद लावून पाहिला तर ज्याचे गेले त्याच्या तोंडून आलेले विधान एकच आहे, आणि तेही संख्येविना. बाकीचे सर्व आकडे ज्याने घालवले असे म्हणतो त्याचे आहेत. माझ्या वर्गातील एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, मग आपण कोणता आकडा लिहायचा?" दोन्ही लिहावेत, प्रत्येकापुढे तो कोणाचा आणि कोणत्या तारखेचा हे लिहावे, आणि 'हानी' या शीर्षकाखाली न लिहिता 'दावा' या शीर्षकाखाली लिहावेत, असे मी त्याला सांगितले. त्याचे समाधान झाल्याचे दिसले नाही. ब्रिटनच्या लढाईचे आकडे दुरुस्त व्हायला शत्रूची दप्तरे हाती यावी लागली होती. या संघर्षाची दोन्हीकडील दप्तरे बंद आहेत.